विणकर आणि त्याचा सोबती

बालाघाट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बीड-उस्मानाबादकडील डोंगरांची रांग उभी राहते. परंतु याच नावाचा दुसरा एक मुलूख वैनगंगेच्या काठी, गोंदियाच्या उत्तरेस आहे. 1867 साली इंग्रजांनी त्याचा स्वतंत्र जिल्हा केला. 1956 च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. वारासिवनी-लांजीकडील सखल भागात मराठी आजही कानांवर पडते, आणि वारासिवनीचे हातमाग प्रसिद्ध आहेत. त्याच जिल्ह्यात घाट चढून मैकल पर्वताच्या पठारावर बैहरला गेले की मात्र भाषा पालटते, झाडी दाट होते आणि वस्ती गोंड व बैगा लोकांची लागते.

या बैगांच्या वस्त्राची गोष्ट मोठी लक्षात घेण्याजोगी आहे. बैगा स्वतः विणीत नाहीत. त्यांच्या स्त्रिया जे जाडेभरडे, तांबड्या काठांचे आखूड लुगडे नेसत, ते पिढ्यान्‌पिढ्या पनका नावाच्या जातीच्या मागावरून उतरत असे. पनका हे मंडला, रायपूर, बिलासपूर या बाजूंचे विणकर. रसेलने 1916 साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात 1911 च्या खानेसुमारीस अनुसरून त्यांची संख्या सुमारे 2,15,000 दिली आहे. त्यांतील बहुसंख्य लोक कबीरपंथी. आपल्या जातीचे नावच ते कबीराशी जोडतात. कबीर पाण्यावर, तळ्यातल्या कमळावर सापडला. म्हणून त्याचे ते ‘पानी का’, आणि त्यावरून पनका. भाषाशास्त्राच्या कसोटीला ही व्युत्पत्ती उतरणार नाही, हे उघड आहे. परंतु एका विणकऱ्या जातीने दुसऱ्या एका विणकराला आपले गोत्र मानावे, यात जे सत्य आहे ते व्युत्पत्तीच्या सत्याहून निराळे आहे.

काशीचा जुलाहा विणकर या जंगलापर्यंत पोहोचला कसा? तो स्वतः आला, असे परंपरा सांगते. अमरकंटकजवळ कबीर चबुतरा म्हणून जागा दाखविली जाते. इतिहासाला इतके मान्य करता येत नाही. तो आला तो एका मित्राच्या स्मरणातून आला. त्या मित्राचे नाव धर्मदास.

परंतु मित्राकडे वळण्यापूर्वी विणकराकडे पाहिले पाहिजे. कबीराचा काळ निश्चित नाही. परंपरा 1398 ते 1518 असे एकशेवीस वर्षांचे आयुष्य सांगते. अभ्यासक त्याला पंधराव्या शतकात बसवितात. तो जुलाह्याच्या घरात वाढला, याविषयी मात्र कोणाचेच दुमत नाही. जुलाहा म्हणजे मुसलमान विणकर. आपल्याकडे याच धंद्याच्या लोकांना मोमीन म्हणतात, आणि तुकोबांनीही कबीराचा उल्लेख करताना नेमका हाच शब्द वापरला आहे. हजारीप्रसाद द्विवेदी यांनी 1942 साली प्रसिद्ध केलेल्या ‘कबीर’ या ग्रंथात असे दाखविण्याचा यत्न केला, की हे जुलाहे मूळचे नाथपंथी गृहस्थ जोगी असून नुकतेच कोठे इस्लामात आले होते. हे मत ग्राह्य धरले तर कबीराच्या वाणीत इडा-पिंगला आणि सुषुम्ना कोठून आल्या, याचा उलगडा होतो. मग इस्लामी गूढवादाचा वाटा कोणता, असा प्रश्न पडतो. तो वाटा लहान नाही.

सूफ म्हणजे लोकर. लोकरीचे जाडे वस्त्र पांघरणारा तो सूफी, ही या नावाची सर्वांत मान्य उपपत्ती आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर घोंगडीवाला. म्हणजे हा पंथ नावानेच वस्त्राशी बांधलेला. इ. स. 922 मध्ये बगदादेत ज्याला ‘मीच सत्य’ म्हटल्याबद्दल सुळावर चढविले, त्या मन्सूराचे उपनाव हल्लाज, म्हणजे पिंजारी. बुखाऱ्याचा बहाउद्दीन (1318–1389) हा नक्षबंद म्हणून ओळखला जातो, आणि त्या नावाचा संबंध कापडावर नक्षी उठविण्याच्या धंद्याशी लावतात; बनारसच्या जरीकामात मागावर नक्षीचे दोर बांधणाऱ्याला नक्षबंदच म्हणत. त्याच्या पंथाची पहिली शिकवण श्वासाविषयीची आहे: एकही श्वास बेसावध जाता कामा नये. औरंगाबादच्या पाणचक्कीजवळ जी दर्गा आहे, ती याच पंथाच्या बाबा मुसाफिरांची. दख्खनेत तर चरखानामा म्हणून गीतांचा एक प्रकारच झाला. विजापूरकडच्या सूफींनी बायाबापड्यांसाठी, सूत काततांना म्हणावयास, दख्खनी बोलीत ही गीते रचली. शरीर हाच चरखा, श्वास हे सूत, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर अल्लाचे नाव, अशी त्यांची बांधणी. रिचर्ड ईटन यांनी 1978 साली विजापूरच्या सूफींवर ग्रंथ लिहून या गीतांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मौलवींच्या ग्रंथांतून जे स्वयंपाकघरापर्यंत कधी पोहोचले नसते, ते जात्याच्या आणि चरख्याच्या घरघरीतून पोहोचले.

वस्त्राकडे पाहण्याची ही दृष्टी आपल्याकडेच होती असे नाही. गालिचे विणणाऱ्या मुलखांत ती सर्वत्र आढळते. आधुनिक काळात रेने गेनों या फ्रेंच विचारवंताने, जो सूफी होऊन कैरोत स्थायिक झाला आणि 1951 साली तेथेच वारला, क्रॉसच्या प्रतीकावरील आपल्या 1931 च्या ग्रंथात एक प्रकरण विणकामालाच दिले. ताणा हा अचल, वरून खाली येणारा. बाणा हा चल, आडवा, प्रसंगाप्रसंगाने बदलणारा. आणि प्रत्येक गाठ म्हणजे त्या दोहोंच्या भेटीचे एक क्षणिक स्थळ. विद्वानाने हे ग्रंथालयात बसून मांडले. कबीराला ते खड्ड्यात पाय सोडून बसल्यावर दिसले.

ज्याने हातमाग जवळून पाहिला आहे त्याला कबीराची भाषा समजावून द्यावी लागत नाही. आधी पाजणी: ताण्याला खळ चढवावयाची, कुंच्याने सारखी करावयाची, आणि ती वाळण्यापूर्वी प्रत्येक तार सुटी करावयाची. मग सांधणी: जुन्या ताण्याच्या टोकाला नव्या ताण्याची तारन्‌तार जोडावयाची. दोन-अडीच हजार तारा, आणि एकही चुकता कामा नये. मग विणकर खड्ड्यात उतरतो. पावडी दाबली की तारा दुभंगतात, मधून धोटा जातो, फणी ठोकली जाते. पुन्हा दुसरी पावडी. या कामात बोलणे होत नाही, आणि विचार फार दूर गेला तर तार तुटते. हात, पाय आणि श्वास एका ठेक्यात यावे लागतात. सूफी ज्याला जिक्र म्हणतात, त्याचे शिक्षण या माणसाला वेगळे घ्यावे लागलेच नसेल. त्याचा धंदाच त्याला ते देत होता.

शिखांच्या आदिग्रंथात (1604) कबीराची जी पदे आहेत, त्यांतील एकात ईश्वरच विणकर आहे. त्याने सगळ्या जगाचा ताणा पसरला आहे. धरती आणि आकाश हे त्याचे मागघर. चंद्र आणि सूर्य हे त्याचे दोन धोटे. मागासाठी तेथे शब्द आला आहे तो फारसी कारगाहापासून झालेला, आणि विणकरासाठी शब्द आहे ‘कोरी’, जे हिंदू विणकराचे नाव. एकाच पदात फारसी माग आणि हिंदू विणकर! त्या पदाच्या शेवटी विणकर माग मोडून टाकतो आणि सुतात सूत मिळवितो. सूफी ज्याला फना म्हणतात, आपले वेगळेपण विरून जाणे, त्याचे इतके घरगुती चित्र फारसी काव्यातही सहसा सापडणार नाही. चादरीचे जे प्रसिद्ध पद कुमार गंधर्वांनी महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचविले, ते मात्र मौखिक परंपरेतले आहे. जुन्या संग्रहांचा आधार त्याला नाही. तरीही भाव तोच: अंगावरचे वस्त्र ज्याचे त्याला जसेच्या तसे परत करावयाचे.

त्याच आदिग्रंथात आणखी एक पद आहे, आणि ते वाचून मन थबकते. कबीराची आई रडत आहे. मुलाने विणणे-काढणे टाकून दिले आहे, रामनाम अंगावर लिहून घेतले आहे. आता ही लेकरे जगावयाची कशी? कबीराचे उत्तर असे, की जोवर धोट्यातून दोरा ओवीत बसावे, तोवर आपल्या प्रियाचा विसर पडतो. भक्तांना हे उत्तर गोड वाटते. पण आईचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या हातांना मागावर परमेश्वर सापडला, त्याच हातांना पुढे माग अडथळा वाटू लागला, हा कबीराच्या जीवनातील खरा ताण आहे. त्याला गोड करून सांगण्यात अर्थ नाही. महिपतीने 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त हीच अडचण कथेच्या अंगाने सोडविली आहे: कबीर कापड विकावयास बाजारात जातो, याचक भेटतो, सारे कापड देऊन टाकतो, घरी उपासमार होते आणि मग देवच धान्य घेऊन येतो. काशीच्या विणकरांच्या घरी प्रत्यक्षात देव धान्य घेऊन येत नसे.

तो हिंदू की मुसलमान, हा प्रश्न त्याच्या मागून लगेच सुरू झाला. अब्दुल हक देहलवी यांच्या चरित्रग्रंथात एक लहानशी आठवण आहे. त्यांच्या घराण्यातील रिझ्कुल्ला नावाच्या मुलाने आपल्या वडिलांना विचारले, ज्याची विष्णुपदे लोक गातात तो कबीर मुसलमान होता की काफर? वडील म्हणाले, तो मुवाहिद होता, एकत्व मानणारा. मुलाने पुन्हा विचारले, म्हणजे दोहोंपेक्षा वेगळा? वडिलांनी सांगितले की हे समजणे कठीण आहे, पुढे कळेल. अबुल फजलनेही ‘आईने-अकबरी’त कबीराला मुवाहिदच म्हटले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात गुलाम सरवर लाहोरी यांनी त्याला शेख तकीचा मुरीद ठरवून चिश्ती परंपरेत बसविले. शेख तकीचे नाव कबीराच्या ‘बीजका’तही येते, पण ज्या सुरात येते तो शिष्याचा सूर नव्हे.

आता धर्मदास. बांधवगडचा हा एक सधन वैश्य. मूर्तिपूजक, तीर्थयात्री, सोवळ्याओवळ्याचा. कथा अशी, की तो मथुरेस असता स्वयंपाकासाठी लाकडे पेटवीत होता. तेथे आलेल्या एका परक्या साधूने त्याला लाकडातून धडपडत बाहेर पडणाऱ्या मुंग्या दाखविल्या. तू शुचिर्भूत होऊन अन्न शिजवितोस, आणि चुलीत किती जीव जाळतोस? धर्मदासाला त्या दिवशी जेवण गेले नाही. पुढे काशीत त्याने त्या साधूला पुन्हा ओळखले, तो कबीर. या कथेतील एक तपशील महत्त्वाचा आहे. पंथाचे ग्रंथच सांगतात की पहिल्या भेटीत कबीर ‘जिंदा’ वेषात आला होता. जिंदा म्हणजे मुसलमान फकिरांचा एक प्रकार. धर्मदासाच्या वंशजांचा पंथ पुढे कंठी आणि तिलक लावणारा, पुष्कळसा वैष्णव वळणाचा झाला. तरी आपल्या मूळ पुरुषाला पहिला बोध फकिराच्या वेषातील माणसाने केला, ही आठवण त्याने पुसून टाकली नाही. सोयीसाठी पुसणे सोपे होते.

धर्मदासाने आपले धन कबीराच्या पायाशी ओतले. त्याच्या थोरल्या मुलाला, नारायणदासाला, हा जुलाहा गुरू मान्य झाला नाही. धाकट्याने, मुक्तामणीने, मानला. आणि या धाकट्यापासून कबीरपंथाची धर्मदासी शाखा सुरू झाली. मुक्तामणीची समाधी छत्तीसगडात कुदुरमाळ येथे दाखवितात. पुढे कवर्धा आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दामाखेडा ही या शाखेची पीठे झाली. बेचाळीस पिढ्यांपर्यंत वंश चालेल, असे कबीराने वचन दिले होते अशी श्रद्धा आहे.

येथे इतिहासकार अडून बसतो. धर्मदास कबीराचा समकालीन होता काय? अनेक अभ्यासकांना तो कबीरानंतर बऱ्याच काळाने झालेला वाटतो. ‘अनुरागसागरा’सारखे ग्रंथ, ज्यांत धर्मदास विचारतो आणि कबीर उत्तरे देतो, ते तर कबीरानंतर फार उशिरा रचले गेले असे मानले जाते. म्हणजे या दोघांची मैत्री कदाचित घडलीच नसेल. ज्याने मित्राची आठवण एवढ्या निष्ठेने जपली, त्याने त्या मित्राला कधी पाहिलेही नसेल! या शक्यतेने पंथाच्या अनुयायांना राग येणे साहजिक आहे. परंतु संतांच्या इतिहासात ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. ज्ञानदेवाचा एकनाथ, नामदेवाचा तुकाराम, तसा कबीराचा शेख महंमद, अशी आपल्याकडे म्हण होऊन बसली आहे; आणि श्रीगोंद्याच्या त्या शेख महंमदाने कबीराला पाहिले होते असे कोणी म्हणत नाही.

सूफींच्या दर्ग्यात पीरानंतर जो त्याच्या जागी बसतो त्याला सज्जादानशीन म्हणतात. सज्जादा म्हणजे नमाजाचे आसन, लहानसा गालिचा. गुरू जातो, पण तो ज्या विणलेल्या तुकड्यावर गुडघे टेकीत असे तो राहतो. त्यावर बसणे म्हणजे वारसा. कबीरपंथाने यासाठी शब्द वापरला तो गादी. शब्द देशी, रीत मात्र दर्ग्याच्या फार जवळची. मठ-मशिदींच्या थाटाची थट्टा करणाऱ्या माणसाच्या नावाने गादी चालावी, आणि तीही वंशपरंपरेने, यावर कबीर स्वतः काय बोलला असता याची कल्पना कोणीही करू शकतो. पण गादी नसती तर बैहरच्या रानात त्याचे नाव पोहोचले असते काय, हाही प्रश्न आहे. कबीराच्या वाणीचे शुद्ध संग्रह पंजाबात आणि राजस्थानात जपले गेले. छत्तीसगड आणि मैकलच्या गावांत ग्रंथ गेले नाहीत, महंत गेले. आणि त्यांच्या मागे गेले ते लोक, ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती.

त्यांत पनका होते. व्यापाऱ्याच्या वंशाने गादी सांभाळली, आणि विणकरांनी पंथ सांभाळला, असे हे वाटप झाले. कबीरहा पनका मद्यमांस वर्ज्य करीत आणि त्यायोगे शेजारच्या जातींत थोडा मान मिळवीत. ‘साकट’ पनकांशी त्यांचा रोटीव्यवहार राहिला नाही. जातींचा धिक्कार करणाऱ्याच्या नावाने आणखी एक पोटजात झाली. मानिकपुरी नावाची त्यांची दुसरी एक शाखा आहे. ‘बीजका’तील मानिकपूर आठवून कोणाला येथे थेट कबीराचा धागा हाती लागल्यासारखे वाटेल, पण त्यांनी रसेलला आपले पूर्वज दरभंग्याकडील मानिकपुराहून आल्याचे सांगितले होते. मानिकपुरे अनेक आहेत. नावाच्या साम्यावर इतिहास रचण्याचा मोह आवरलेला बरा.

पनकांच्या मागाला खरा धक्का धर्माने दिला नाही. 1877 च्या पहिल्या दिवशी नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत आले, मग गिरणीचे कापड आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून उत्तरेकडे निघालेल्या अरुंद रुळांच्या रेल्वेने ते थेट घाटावर नेऊन पोहोचविले. पनकांतील पुष्कळ जण मजूर झाले, पुष्कळ गावचे कोतवाल झाले. बैगा स्त्रियांसाठी विणणारे माग आता फार थोडे उरले आहेत. याच सुमारास, 1857 नंतर, उत्तरेतले जुलाहे दक्षिणेकडे चालत येऊन मालेगावात वसले, आणि तेथे त्यांच्या मागांचा खडखडाट पुढे यंत्रांचा झाला. कबीराचे जातभाई ते खरे. पण कबीराची गादी त्यांच्याकडे नाही, आणि ते ती मागतही नाहीत.

धर्मदासी शाखेचा मुख्य विधी म्हणजे चौका. जमिनीवर पिठाचा चौकोन काढतात, नारळ फोडतात, विड्याच्या पानाचा प्रसाद देतात. रात्रभर भजन चालते. त्यात माग नाही, धोटा नाही, फणी नाही. विणकराच्या धंद्याचे काहीच उरलेले नाही असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र चौक्यावर एक पांढरे वस्त्र चांदव्यासारखे ताणून बांधतात. चार कोपरे चार बाजूंना ओढलेले, मध्ये किंचित झोळ.

मगहरला कबीर वारला तेव्हा त्याच्या देहावरून हिंदू आणि मुसलमान भांडू लागले, आणि चादर उचलली तर खाली फुले निघाली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. फुले दोघांनी वाटून घेतली. एकांनी जाळली, दुसऱ्यांनी पुरली. मगहरला समाधी आणि मजार आजही शेजारी शेजारी उभ्या आहेत. चादरीचे काय झाले, हे सहसा सांगितले जात नाही.